चौथा हिस्सा

उन्हाळा सुरू झाला की अमेरिकेतून माणसं येतात, आमच्या आयरिश गावाच्या वाचनालयात माझ्या टेबलासमोर बसतात आणि आपले पणजोबा मागतात. मी त्यांना चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी काढून देते. हल्ली सगळे डीएनएची चाचणी करूनच येतात आणि मला उत्तरं न येणारे प्रश्न विचारतात. म्हणून एकदा मीही नळीत थुंकून ती पाठवून दिली. शिकण्यापुरती.

निकालात सगळ्यात वर एक अनोळखी नाव होतं. वॉरन केसलर, बॉस्टन. त्याचा आणि माझा चौथा हिस्सा जुळत होता. चुलत-मावस भावंडांचं एवढं जुळत नाही.

त्याचा निरोप दुसऱ्याच दिवशी आला. 'मी सत्तर वर्षांचा आहे. जानेवारी १९४९मध्ये तुमच्याच लिट्रिम परगण्यात जन्मलो. दोन वर्षांचा असताना नन्सनी मला अमेरिकेत दत्तक दिलं. बाप्तिस्म्याचं नाव कोलमन, एवढंच कागदावर आहे. तुम्ही माझी सावत्र बहीण असाल असं दिसतंय. तुमची आई हयात आहे का?'

आईच्या मावसबहिणीची मुलगी स्लायगोला असते, तीही त्या यादीत होती आणि तिच्याशीही त्याचं जुळत होतं. म्हणजे तो बाबांकडचा नव्हता, आईकडचा होता. १९४९च्या जानेवारीत आई सोळा वर्षांची होती. लग्न झालं त्यानंतर आठ वर्षांनी.

मी जन्मनोंदी तपासल्या. आईच्या नावावर त्या साली काहीच नव्हतं. पण त्या काळी लग्नाआधी दिवस राहिलेल्या मुलींना नन्सच्या आश्रमात नेत आणि खोट्या नावाने ठेवत, हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. नोंद नाही म्हटल्यावर माझी खात्रीच पटली.

फिंटन, माझा धाकटा भाऊ, गोठ्यात वासराला औषध पाजत होता. मी त्याला तिथेच सांगितलं. त्याने वासरू सोडलं नाही, पण त्याचा हात थांबला.

"आईला यातलं काही सांगणार नाहीस तू," तो म्हणाला.

"तो माणूस विचारतोय, फिंटन. सत्तर वर्षांचा झालाय. कधी विचारायचं त्याने?"

"आणि ती सत्याऐंशीची आहे. रोज चर्चला जाते. गावात तिला मान आहे. तुला मारायचीय का तिला?"

"ओरडू नकोस."

"ओरडतोय कुठे? बरं, येईल तो. चहा पिईल, रडेल. मग बाहेर जाऊन कुंपण कुठवर आहे ते बघेल. बघशील तू!"

खरी भीती ही होती. शेत आईच्या वडिलांचं. तिचे दोन्ही भाऊ इंग्लंडला गेले आणि तिकडेच वारले, म्हणून बाबा घरजावई होऊन आले. फिंटन त्या पाणथळ जमिनीत चाळीस वर्षं राबला होता आणि ती अजून आईच्याच नावावर होती.

मी त्याला म्हटलं, "आईचीच चाचणी करू. नक्की काय ते कळेल. काहीतरी कारण सांगू, व्हिटॅमिनसाठी आहे म्हणू."

"वा! आता खोटंही बोल तिच्याशी."

संध्याकाळी स्वयंपाकघरात हेच भांडण पुन्हा पेटलं. आई पलीकडच्या खोलीत रेडिओवर जपमाळेची प्रार्थना ऐकत होती. रेडिओ कधी बंद झाला ते आमच्या लक्षात आलं नाही. वॉकर ढकलत ती दारात आली तेव्हा फिंटन म्हणत होता, "सोळाव्या वर्षी झालेली चूक आता कशाला उकरायची?"

"कुणाची चूक?" आई म्हणाली.

मग मीच सांगितलं. वॉरन, बॉस्टन, कोलमन, जानेवारी, थुंकीची नळी. सांगताना मी तिच्याकडे न बघता टेबलाकडे बघत होते. कोलमन म्हटल्यावर तिने खुर्चीची पाठ धरली. मला वाटलं, झालं, पकडली गेली.

"आणि तुम्ही दोघांनी ठरवून टाकलंत," ती म्हणाली.

"आई, आम्ही तुला दोष देत नाही. त्या काळात..."

"त्या काळात मी होते, डिम्प्ना. तू नव्हतीस. मला तोंडावर विचारायची हिंमत नाही आणि थुंकी मागताय? आण ती नळी."

"तू नको म्हणालीस तर..."

"आण म्हटलं ना!"

थुंकी येईना. म्हाताऱ्या माणसाचं तोंड कोरडं असतं, आणि चाचणीआधी अर्धा तास चहा चालत नाही. ती टेबलाशी ताठ बसून होती. फिंटन खिडकीबाहेर बघत होता. "चहाशिवाय या घरात कधी थुंकी आली आहे का?" असं ती पुटपुटली, पण हसायची सोय नव्हती. शेवटी नळी भरली. तिने झाकण स्वतः लावलं आणि माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली.

निकाल यायला पाच आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत ती माझ्याशी बोलली ती फक्त मीठ दे आणि दार लाव एवढंच. फिंटनशी तेवढंही नाही. वॉरन दर दोन-तीन दिवसांनी लिहायचा. त्याला हृदयाचा त्रास होता, विमानाचं तिकीट काढू का विचारत होता. मी थांबा म्हणत राहिले. ती नाही म्हणाली नव्हती आणि हो म्हणाली नव्हती. आपल्या आईबद्दल आपल्याला काय माहीत आहे, याचा विचार करत मी रोज तिची न्याहरी केली.

निकाल वाचनालयात असताना आला. मी तो तीनदा वाचला. आई आणि मुलगा असते तर आकडा याहून मोठा आला असता. हा होता सख्ख्या भावंडांचा. मामा आणि भाची यांच्यातही चौथाच हिस्सा जुळतो. संगणकाने ती शक्यता पहिल्याच दिवशी दाखवली होती. मी 'सावत्र भाऊ' या वरच्या ओळीवरच थांबले होते.

घरी गेले तेव्हा फिंटनही आत होता.

"आई, तो तुझा मुलगा नाही."

"ते मला माहीत आहे."

"तो तुझा भाऊ आहे. सख्खा. तुझ्याच आईवडिलांचा."

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता आता, दुसरंच काहीतरी होतं.

"माझा कोलमन तर गेला," ती म्हणाली.

आजीला क्षय होता, हे आम्हाला ठाऊक होतं. तिला शेवटी एक बाळ झालं होतं, हे नव्हतं. आई सांगत गेली. नन्सच्या रुग्णालयात जन्मला. आई विणलेली टोपी घेऊन सायकलवरून गेली, तिला फाटकातूनच परत पाठवलं. टोपी ठेवून घेतली. वसंत ऋतूत आजी वारली. महिन्याभराने आजोबा बाळाला आणायला गेले आणि एकटेच परत आले.

"त्यांनी कोट काढला नाही. म्हणाले, बाळ गेलं. आम्ही तिघं पोरं रडायला लागलो. मी विचारलं, पुरलं कुठे? ते उठून गाईंकडे गेले. मग मी परत नाही विचारलं."

नंतर ती हळू आवाजात म्हणाली, "गेलं म्हणाले. मेलं म्हणाले नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी आजीच्या नावाने नोंदी काढल्या. जन्म सापडला. मृत्यू त्या साली नव्हता, पुढच्या साली नव्हता, कुठेच नव्हता.

वॉरन सप्टेंबरमध्ये आला. फिंटन त्याला आणायला विमानतळावर जाणार नव्हता, मग गेला. गाडी अंगणात थांबली तेव्हा मी आईला धरून दारात उभी होते. उंच, वाकलेला म्हातारा उतरला. कान आमच्या आजोबांच्या फोटोतले. फिंटन मागून त्याची बॅग घेऊन येत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की रस्ताभर तोही ते कान बघत आलाय.

"डिलिया?" वॉरनने आईला नावाने हाक मारली.

आईने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, उलटा करून पाहिला, जसा लहान मुलाचा बघतात. "हात गार पडलेत तुझे. आत ये."

तो ज्यासाठी आला होता ते त्याने चहा संपायच्या आतच विचारलं. "मला वडिलांनी दिलं, की माझ्याबद्दल त्यांना खोटं सांगितलं?"

फिंटन माझ्याकडे बघत होता. सोपं उत्तर समोर होतं. त्यांना फसवलं होतं रे, नन्सनी फसवलं होतं. मीसुद्धा तेच म्हणाले असते.

"मला माहीत नाही," आई म्हणाली. "बायको गेलेली, घरात तीन पोरं, स्वतःला खोकला लागलेला. दिलं असेल. फसवलं असेल. ते पुढे वीस वर्षं जगले, आणि मी एका टेबलावर त्यांच्यासमोर जेवत होते. विचारायला हवं होतं मी."

वॉरनने चष्मा काढला. बराच वेळ तो पुसत बसला.

"तू शोधायला का आली नाहीस, असं मी मनात विचारायचो," तो म्हणाला. "कुणाला विचारतोय ते माहीत नसताना."

"आता माहीत झालं ना. मग विचार."

त्याने नुसता चष्मा पुन्हा घातला. फिंटन उठला, टोपी घातली आणि म्हणाला, "मामा, उजेड आहे तोवर चला. शेत दाखवतो. बूट देतो माझे, तुमचे चिखलात टिकणार नाहीत."