दीपमालाचं कच्चं काम

"पण बाई, इथं प्रत्येक नोंदीपुढं तुमचंच नाव आहे," फोनवर शिबिराच्या निवेदिता मॅडम म्हणाल्या. "मुलीनं काय केलं, ते कुठं दिसतं?"

स्नेहलताबाईंना प्रश्नच कळेना. समोरच्या लॅपटॉपवर दीपमालाचा खेळ चालू होता: एका पारड्यात वांगी, दुसऱ्यात वजनं, काटा जुळला की बैल मान हलवणार. लहान पोरांना वजन-माप शिकवायला दहावीतल्या दीपमालानं तो बनवला होता. बुलढाण्याच्या कोडिंग शिबिरात जागा मिळायची, तर तो आज पाचच्या आत पोचायला हवा होता. बाईंनी सकाळीच पाठवला होता.

"अहो, केलं तिनंच. मी फक्त पक्कं केलं. आणि खेळाच्या खाली तिचं नाव आहे की!"

"नाव कुणीही लिहील हो. ती कुठं अडली, कशी सुटली, ते आम्हाला बघायचंय. मी पाचपर्यंत थांबते."

बाईंनी फोन ठेवला. जानेफळच्या शाळेत अख्खी नोकरी त्यांनी एकाच रीतीनं केली. पोरांनी कच्च्या वहीत हवी तेवढी खाडाखोड करायची. प्रदर्शनाचा तक्ता मात्र बाई स्वतःच्या वळणदार अक्षरात उतरवायच्या आणि खाली पोराचं नाव घालायच्या. निवृत्तीनंतर दीपमालासोबत बसून त्या व्हिडिओवरून गिट, म्हणजे कामातला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी सोय, शिकल्या. 'ॲड' म्हणजे काम पुढे काढून ठेवणं, 'कमिट' म्हणजे त्याची नोंद करणं, 'पुश' म्हणजे ते सगळ्यांना दिसेल अशा जागी पाठवणं. त्यांना वाटलं, ही तर आपली पक्की वही! दीपमाला वाचनालयातल्या संगणकावर काम करायची, पेन ड्राइव्हवर फाइली आणायची. बाई चुका काढून, स्वच्छ करून कमिट करायच्या. नोंद अर्थातच बाईंच्या नावानं पडायची.

"पण चुका कशाला बघायच्यात त्यांना?" बाई पुटपुटल्या. मग शेजारी बसलेल्या दीपमालाकडे वळल्या. "दीपे, मी तुझं नुकसान केलं का गं?"

"तसं काऊन म्हणता बाई? वाचनालयातल्या कम्प्युटरवर हाय ना समदं. म्या तिथंबी रोज कमिट केलं."

"मग मला कधी दाखवलं नाहीस?"

"लय घाण हाय ते. तुमी रागावसान म्हून."

वाचनालय बंद होतं. ते सांभाळणारे रंगराव चावी घेऊन कुरकुरत आले. "सुट्टीच्या दिवशी तरी कम्प्युटरले झोपू द्या ना बाई!"

दीपमालानं तिचं फोल्डर उघडून 'गिट लॉग' टाइप केलं. नोंदी भराभर उतरल्या. 'वांगी हवेत तरंगून राह्यली.' 'बैल उलटा झाला.' 'पुन्हा चुकलं.' 'आता तरी चाल बे.' प्रत्येकीपुढं नाव होतं, दीपमाला.

बाईंना हसू आलं आणि लगेच धडकीही भरली. "हे असं पाठवायचं? थांब, माझं स्वच्छ केलेलं यावर घालू, मग पाठवू."

दीपमालानं की-बोर्डवरचे हात काढून घेतले.

"का गं?"

"तुमचं घातलं तं काटा बरोबर जुळन बाई. पण त्या मॅडम इचारतीन, हे कसं केलं, तं मले सांगता येनार नाही."

बाईंना शाळेतली प्रदर्शनं आठवली. इतक्या तक्त्यांपुढे पोरं उभी राहिली होती. पाहुण्यांनी काही विचारलं की ती बाईंकडेच बघायची. ती लाजतात, असंच बाई समजत आल्या होत्या.

"तुझंच पाठव," त्या म्हणाल्या.

दीपमालानं इंटरनेटवर स्वतःच्या नावानं नवी जागा उघडली, पुश केलं आणि तिचा पत्ता निवेदिता मॅडमना कळवला. रंगराव मागून डोकावले. "झालं काय?"

"हाव, गेलं!" दीपमाला म्हणाली.

पडद्यावर नोंदींची रांग लागली होती. बाईंनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. त्यांचं नाव कुठंच नव्हतं. शेवटची नोंद उघडली, तर त्यात एक वांगं दोनदा मोजलं गेलं होतं. चुकलेली ओळ तर समोरच दिसत होती. बाईंचा हात की-बोर्डकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि मागे येऊन मांडीवरच्या दुसऱ्या हाताखाली जाऊन बसला.