मार्च चौसष्टची एस. व्ही.

सोकोरो व्हियासेन्योरला जावई आवडत नव्हता असं नाही. तिला त्याची कीव यायची, आणि कीव फार दिवस साचली की तिची तुच्छता होते, एवढंच. क्लिफर्ड दातांचा डॉक्टर होता. बावन्न वर्षांचा बाप्या, अनाहाइममध्ये स्वतःचा दवाखाना, आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर अकरा बास गिटारी टांगलेल्या. अकराच्या अकरा हॅलब्रुक कंपनीच्या, आणि अकराच्या अकरा एकोणीसशे सहासष्टच्या आधीच्या. वाजवायचं म्हणाल तर त्याला दोन गाणी यायची, तीही दुसऱ्या कडव्यापर्यंत.

सहासष्ट साली म्हाताऱ्या हॅलब्रुकनं आपला कारखाना पूर्वेकडच्या एका बड्या कंपनीला विकला होता. क्लिफर्डसारख्या भक्तांच्या लेखी त्या विक्रीआधीचं प्रत्येक वाद्य सोनं आणि नंतरचं प्रत्येक वाद्य जळाऊ लाकूड. सोकोरो त्या कारखान्यात बावीस वर्षं कामाला होती; विक्रीआधी पाच, नंतर सतरा. विक्रीनं काय बदललं ते तिला पक्कं आठवत होतं. संडासातला साबण बदलला. बाकी तीच बाकं, त्याच मोटारी, तोच फोरमन हॅस्केल, आणि ट्रकमधून येईल ते लाकूड.

तिचं काम पिकअपचं. गिटारीच्या तारांखाली बसणारी बोटभर लांबीची लोहचुंबकाची पेटी. तिच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढ्यांनी गुंडाळायची. मोटार फिरायची आणि बाई दोन बोटांत तार धरून तिला वाट दाखवायची. जरा जास्त ताण दिला की तार तुटली. काम झालं की कागदी चिकटपट्टीच्या तुकड्यावर आपल्या नावाची आद्याक्षरं आणि तारीख लिहून तो तुकडा आत चिकटवायचा, म्हणजे माल परत आला तर कुणाला झापायचं ते हॅस्केलला कळावं. चाळीस वर्षांनी या झापायच्या पट्ट्यांना लोक देवाच्या टाकांसारखं पुजतील, हे त्या बायकांच्या स्वप्नातही नव्हतं. पण झालं तसंच. त्यातही एस. व्ही. या अक्षरांना भलताच भाव आला, आणि एस. व्ही. म्हणजे आपली सासू, हे क्लिफर्डला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं. त्या दिवसापासून तो तिच्या खुर्चीमागे उशी ठेवू लागला.

कोस्टा मेसाला जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये दर वसंतात जुन्या गिटारींचं प्रदर्शन भरे. त्या वर्षी तो हट्टालाच पेटला.

"सोकोरो, एकदाच चला. मी एक हॅलब्रुक घेतलीय, मार्च चौसष्टची. तुमच्या हातची. उघडून बघायची तर तुमच्यासमोरच."

"माझ्या हातचे तामाले खा आणि गप बस," ती म्हणाली. पण मुलीनं, योलीनं, डोळ्यांनी विनवलं म्हणून ती गेली.

हॉलमध्ये शिरताच तिला कळून चुकलं की आपण चुकलो. पोटं सुटलेले, पोनीटेल घातलेले पन्नाशी-साठीचे पुरुष गिटारींवर नाकं टेकवून उभे होते. एकजण खरोखरच लाकडाचा वास घेत होता. 'बायकोच्या केसांचा वास कधी घेतला असशील का रे मेल्या?' सोकोरोच्या मनात आलं.

क्लिफर्ड तिला थेट बक्स्टनच्या टेबलाशी घेऊन गेला. बक्स्टन जुन्या वाद्यांचा व्यापारी. हडकुळा, करड्या मिशांचा, आणि कुणाचंही बोलणं संपायच्या आत हसणारा. हॅलब्रुकबद्दल त्याचं मत जगजाहीर होतं.

"डॉक्टर! बारावी फळी आणलीत वाटतं?"

"फळी?" क्लिफर्ड तापला. "त्या काळातली निम्मी गाणी हॅलब्रुकवर वाजलीत."

"वाजलीत, कारण स्वस्त होती. उन्हाळा आला की मान वाकायची, दिवे लावले की गुणगुणायची. वाजवणारे देव होते हो, वाद्य नाही. त्यांनी कुंपणाच्या तारा छेडल्या असत्या तर आज तुम्ही भिंतीवर कुंपण टांगलं असतं."

"मग विक्रीनंतरच्या आणि आधीच्यात फरकच नाही म्हणता?"

"आहे ना. आधीच्या वाईट, नंतरच्या फार वाईट." बक्स्टन आपल्याच बोलण्यावर हसला. "एक अपवाद मी मानतो. मार्च चौसष्टमधल्या काही एस. व्ही. तशा मी चार ऐकल्या. त्या बाईला त्या महिन्यात काय झालं होतं कोण जाणे. आवाज असा मोकळा येतो, जणू खिडकी उघडली. तिनं आधीही तसं कधी केलं नाही, नंतरही नाही. बाकी तिचं काम म्हणजे ठीकठाक. आवळलेलं."

'ठीकठाक' हा शब्द सोकोरोच्या कानात खडा गेल्यासारखा गेला. कारखान्यात तिच्याइतकी घट्ट, एकसारखी तार कुणी गुंडाळत नसे. हॅस्केल नव्या पोरींना तिच्या बाकापाशी उभं करून दाखवायचा. शेजारच्या बाकावरची देल्फिना रेन्तेरिया मात्र वेंधळी. गप्पा मारत, गुणगुणत, सैल हातानं तार सोडायची, आणि तिचा माल आठवड्यातून दोनदा परत यायचा. सोकोरोनं तिला कधी मोजलंच नाही.

"तीच ही बाई," क्लिफर्ड छाती काढून म्हणाला. "माझ्या सासूबाई. आणि ही मार्च चौसष्ट."

बक्स्टनचं हसू पहिल्यांदाच अर्धवट राहिलं. त्यानं टोपी काढली, खुर्ची दिली, आणि स्वतःच्या हातानं स्क्रू काढून पिकअप उचललं. पट्टी पिवळी पडली होती, पण पेन्सिलीचं अक्षर स्पष्ट होतं. एस. व्ही., १२ मार्च.

सोकोरोनं चष्मा पुसला. पट्टी डोळ्यांजवळ नेली. मग दूर धरली.

"हे माझं नाही."

"नीट बघा," क्लिफर्ड म्हणाला.

"नीटच बघतेय. माझा एस असा पाय पसरून बसत नाही. आणि क्लिफर्ड, तुझ्या बायकोचा वाढदिवस कधी असतो?"

"अकरा मार्च." आणि मग त्याला हळूहळू उजाडलं. "अकरा मार्च... चौसष्ट."

"अकराच्या संध्याकाळी मी योलीला जन्म दिला. बाराला मी सांता आनाच्या इस्पितळात पाय वर करून पडले होते. तार गुंडाळायला काय मी खिडकीतून उडत गेले?"

बक्स्टन टेबलावर हात आपटून हसला. "नकली! डॉक्टर, तुम्हाला नकली गळ्यात मारली!"

"गप रे," सोकोरो म्हणाली. आवाज मोठा नव्हता, तरी तो गप बसला. "नकली नाही. पट्टी आमचीच आहे. हे देल्फिनाचं अक्षर आहे."

"कोण देल्फिना?"

कोण देल्फिना हे सांगायला तिनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कारण त्या क्षणी तिच्या ध्यानात आलं ते वेगळंच होतं. त्या काळी पोट दिसू लागलं की बाईला घरी पाठवत आणि खुर्ची दुसरीला देत. सोकोरोनं सैल एप्रनखाली नऊ महिने लपवले होते. बाळंतपणाची कळ आली तेव्हा तिनं देल्फिनाला एवढंच सांगितलं, "हॅस्केलला म्हणावं मला ताप आहे." नऊ कामाच्या दिवसांनी ती परत आली तर खुर्ची जागेवर, पगारही पुरा. आपण इतक्या कामाच्या की हॅस्केलनं वाट पाहिली, असं तिनं धरलं. अठ्ठेचाळीस वर्षं तेच धरून चालली होती.

ताप आलेल्या बाईची हॅस्केल वाट पाहील? हॅस्केल? त्यानं तर स्वतःच्या मेहुणीला दोन दिवसांच्या खाड्यासाठी काढलं होतं.

बक्स्टन खाली वाकून समजावणीच्या सुरात बोलू लागला. "बाई, तुमचं वय झालंय. इतक्या वर्षांची गोष्ट. तारखा इकडच्या तिकडे होतात. तुम्ही फक्त या वाद्यामागे सही करा, बाकी कुणाला काही सांगायची गरज नाही. देल्फिना हे नाव कुणी ऐकलेलंही नाही."

"मगाशी माझं काम ठीकठाक होतं ना? मग माझी सही कशाला हवी?" ती उठली. "तुझ्या मिशांना तोंडापेक्षा अक्कल जास्त असेल. क्लिफर्ड, गाडी काढ. सांता आनाला जायचंय."

देल्फिना अजून त्याच घरात राहात होती, हे सोकोरोला ठाऊक होतं. पाच वर्षांपूर्वी एका मयताला दोघी एकमेकींना दिसल्या होत्या, मान हलवून बाजूला झाल्या होत्या. देल्फिना मागच्या अंगणात बसून भाजीसाठी निवडुंगाच्या पानांचे काटे सुरीनं तासत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, जाडजूड, पायात नवऱ्याच्या चपला.

"बघा, कोण आलंय," ती न उठता म्हणाली. "राणीसाहेब. रस्ता चुकलीस का, सखे?"

सोकोरोनं पिकअप तिच्यासमोर धरलं. देल्फिनानं हात एप्रनला पुसले, पट्टी बघितली आणि खांदे उडवले.

"हो, माझं. मग?"

"किती दिवस केलंस?"

"तू नव्हतीस तितके. नऊ. तुझं कार्ड हजेरीच्या मशीनमध्ये घालायचं, माझं घालायचं. हॅस्केल पलीकडच्या नव्या शेडमध्ये अडकलेला होता, येऊन फक्त ट्रे मोजायचा. दोन बायकांचे ट्रे भरायचे तर तार आवळत कोण बसतंय? सोडली आपली भराभर, जाईल तशी. एरवी हॅस्केलसमोर इतकी सैल मीही सोडत नसे."

क्लिफर्ड मध्येच पुटपुटला, "म्हणूनच तो आवाज मोकळा..."

"हा कोण?" देल्फिनानं विचारलं.

"माझा जावई. दातांचा डॉक्टर आहे. गिटारींच्या बाबतीत गाढव आहे."

"दिसतंय."

"मला का नाही सांगितलंस?" सोकोरोनं विचारलं. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही.

देल्फिनानं सुरी खाली ठेवली. "सांगणार होते. तू परत आलीस त्या सकाळी तुझ्यासाठी गोड पाव आणला होता. तू आलीस, बाकाकडे बघितलंस, आणि पहिलं वाक्य काय म्हणालीस आठवतं? 'माझ्या बाकावर कुणी घाण केलीय?' सगळ्यांसमोर. मग मी पाव खाऊन टाकला."

सोकोरोला ते वाक्य आठवत नव्हतं. पण ते आपलंच होतं याबद्दल तिला जराही शंका वाटली नाही. त्याच सुरात ती बावीस वर्षं बोलली होती. ती पायरीवर बसली. गुडघे कुरकुरले.

"मी कारखान्याबाहेर तुझ्याबद्दल काय काय बोललेय, देल्फिना, तुला ठाऊक नाही."

"ठाऊक आहे. बायका येऊन सांगायच्या."

"तरी तू..."

"तुझ्यासाठी नाही केलं. तान्ह्या पोरीसाठी केलं. तू मला कधीच आवडली नाहीस."

सोकोरोनं मान हलवली. एवढं सरळ बोलणं तिला कित्येक वर्षांत कुणी ऐकवलं नव्हतं. "चूक माझी होती," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून इतके क्वचित निघत की क्लिफर्डनं मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी बोललं की काय.

देल्फिना क्लिफर्डच्या हातातल्या गिटारीकडे बघत होती. "ते वाजतं कसं? मी कधी ऐकलं नाही. आमच्या हातातून नुसत्या पेट्या जायच्या."

क्लिफर्डनं घाईघाईनं पिकअप जागेवर बसवलं, गाडीतून छोटा स्पीकर आणला आणि स्वयंपाकघरातल्या प्लगला लावला. वाजवलं त्यानं वाईटच. पण प्रत्येक स्वर सुटा, गोल आणि खोलवर जाणारा निघत होता, हे सोकोरोच्या कानांनी बिनचूक टिपलं. तिच्या घट्ट, एकसारख्या वेढ्यांतून हा आवाज कधीच आला नसता. बक्स्टननं सांगितलेलं खरं होतं, आणि ते एका मूर्खाच्या तोंडून आलं याचा तिला जास्त राग आला.

देल्फिना लक्ष देऊन ऐकत होती. "बेडूक," ती शेवटी म्हणाली. "पावसाळी डबक्यातला बेडूक. यासाठी माणसं भांडतात?"

"तुम्ही यावर सही कराल?" क्लिफर्डनं विचारलं. "तुमच्या नावाची. मी सगळ्यांना सांगेन."

"एकदा केलीय ना? एस. व्ही. हे मीच लिहिलंय. आता खोडून दुसरं कशाला लिहू? आणि ज्यांना सांगणार ते हे सगळे असेच ना, तुझ्यासारखे?"

क्लिफर्डनं सांगितलं तरीही, पुढच्याच आठवड्यात, एक लांबलचक पत्र लिहून. कुणी विश्वास ठेवला नाही. बक्स्टननं सगळीकडे पसरवलं की म्हातारीचं डोकं चालेनासं झालंय, आणि मार्च चौसष्टच्या एस. व्ही.ला पूर्वीपेक्षाही चढा भाव आला. क्लिफर्डनं आपली विकली नाही, यासाठी सोकोरोनं त्याला आयुष्यात पहिल्यांदा बरं म्हटलं, तेही योलीकडे, त्याच्या पाठीमागे.

त्या दुपारी मात्र तिनं त्याला फक्त इतकंच सांगितलं, "तू जा. संध्याकाळी मला न्यायला ये." मग ती देल्फिनाशेजारी बसली, बादलीतलं एक पान उचललं आणि दुसरी सुरी मागितली. दोन काटे तासले, तिसरा तिच्या अंगठ्यात घुसला.

"असं नाही धरायचं," देल्फिना म्हणाली. "दे इकडे. तुला कुणी शिकवलंच नाही का काही?"

"नाही," सोकोरो म्हणाली आणि पान तिच्या हातात दिलं. "दाखव."

देल्फिनानं दाखवलं, न हसता, सावकाश, मधे मधे तिच्या मनगटावर सुरीची मूठ आपटत.