ज्युनिपरचं शिंगरू

रानघोड्यांच्या धरपकडीला सरकारी माणसं जिथं उभं राहायला सांगतात तिथून कधीच काही दिसत नाही, हे मॅव्हिस एचेव्हेरीला अकरा वर्षांत पाठ झालं होतं. आजही तेच. नेव्हाडातलं उजाड टेकाड, घोडे कोंडायचा सापळा दीड मैलावर, बघ्यांना दोर बांधून आखलेली जागा. त्यात सापळ्याच्या तोंडाशी गोणपाटाचा उंच पडदा.

"घोडे बुजू नयेत म्हणून," खात्याचा माहिती अधिकारी किमेल म्हणाला. बुटांवर धुळीचा कण नव्हता त्याच्या.

"घोडे हेलिकॉप्टरला बुजतात साहेब. पडदा आमच्यासाठी आहे," ऑर्विल म्हणाला. जन्मभर ट्रक चालवून आता तो दर धरपकडीला मॅव्हिसबरोबर कॅमेरा घेऊन यायचा.

नऊच्या सुमाराला हेलिकॉप्टरनं कळप हाकत आणला. पडद्याजवळ, कळपाला आत न्यायला शिकवलेला घोडा सोडला. तो आत धावला आणि रानातले खुळे जीव त्याच्यामागून. सगळ्यात शेवटी राखाडी घोडी, मॅव्हिसनंच नाव ठेवलेली ज्युनिपर. दुर्बिणीतून मॅव्हिसला दिसलं, तिचं तीन आठवड्यांचं, कपाळावर चांद असलेलं तपकिरी शिंगरू मागे पडलं होतं, पुढचा डावा पाय टेकवत नव्हतं. ती मागे वळली, हेलिकॉप्टर तिच्या पाठीवर उतरल्यासारखं खाली आलं, आणि दोघंही पडद्याआड गेली. थोड्या वेळानं तिथून एक बंद गाडी निघाली, रस्त्याकडे न जाता ओढ्याकडे.

"ती गाडी कसली?" मॅव्हिसनं विचारलं.

"पाण्याची. तुम्हाला प्रत्येक गोष्टीत भूत दिसतं. दुपारी कोंडवाड्यात दाखवतो की शिंगरू."

आणि दाखवलं. ज्युनिपर एका कप्प्यात, शेजारी तपकिरी शिंगरू, कपाळावर पांढरा चांद. चारही पाय धड.

"घ्या आजी! आता आभार मानलेत तरी चालेल."

"सकाळी लंगडत होतं ते."

"दीड मैलावरून? डोळे तपासून घ्या."

ऑर्विल हळूच म्हणाला, "मॅव्हिस, चांद तर तसाच आहे गं." तिलाही क्षणभर शंका आली. म्हातारपणी नजर खरंच दगा देते. आणि आपण एकदा खोटे ठरलो की पुढच्या वेळी हे लोक दीडचे पाच मैल करणार, हे तिला ठाऊक होतं. तरी ती कुंपणाला टेकून उभी राहिली.

"मी थांबते जरा."

"दहा मिनिटं. मग फाटक बंद."

शिंगरू भुकेलं होतं. ते ज्युनिपरच्या पोटाखाली शिरलं. तिनं कान मागे पाडले आणि त्याच्या मानेला चावा घेतला. ते कळवळून बाजूला झालं, पुन्हा आलं. या वेळी लाथ. कास तर फुटेल इतकी भरलेली, दूध आपोआप धुळीत ठिबकत होतं, आणि ती मान उंच करून ओढ्याच्या दिशेनं खिंकाळत होती.

"घाबरलीय ती," किमेल म्हणाला.

"घाबरलेली घोडी पोराला पोटाशी घेते हो! रंग जुळवलात, चांद जुळवलात. वास कोण जुळवणार? तुमच्या ऑफिसात कुणी घोडी पाळलीय का कधी?"

ऑर्विलनं कॅमेरा वर केला.

"आजच्या अहवालात मेलेले किती लिहिलेत?" तिनं विचारलं.

"शून्य."

"मग लिहा, हे शिंगरू या घोडीचं आहे. इथं, माझ्यासमोर. खाली सही करा."

किमेलनं घड्याळ पाहिलं. "वेळ संपला. बाहेर व्हा."

मॅव्हिस हलली नाही. ते उपाशी पिल्लू आता कुंपणाच्या गजांतून तिची बोटं चोखू लागलं होतं. तिनं वाकून बाकीच्या कप्प्यांतून नजर फिरवली. एकही घोडी या पिल्लासाठी हाक देत नव्हती. एकीचंही दूध ठिबकत नव्हतं. तिचा आवाज एकदम खाली आला.

"किमेल, मग याची आई कुठंय?"

किमेलनं पुढे होऊन कॅमेऱ्याच्या भिंगावर पंजा ठेवला.