उसना बाहुला

नर्सबाई प्रथमोपचाराच्या वर्गातल्या त्या बाहुल्याला तळहाताच्या फोडासारखं जपायच्या. वस्तू पडली उसनी! त्याच्या छातीतली स्प्रिंग आधीच खिळखिळी, आणि मोडला तर दुसरा मिळायचा नाही, म्हणजे वर्गच बंद. म्हणून हृदय बंद पडून माणूस कोसळला तर छाती कशी दाबायची हे शिकवताना त्या तोंडाने म्हणायच्या, "चांगली दोन इंच आत जायला हवी," आणि कुणी खरंच जोर लावला की ओरडायच्या, "अहो, हळू! जावई आहे तो आपला!" सगळे हसायचे. बाहुल्याचं नावच जावईबापू पडलं.

शिंपीकाकांनी पहिल्याच खेपेला असा दाबला की आतून कट्ट आवाज आला. बाईंचं पित्त खवळलं. "अलगद हो, अलगद! इस्त्री नाही फिरवायची इथं!" बिचारे ओशाळले. पुढे मात्र इतका हलका हात बसवला की बाईंनीच सगळ्यांदेखत शाबासकी दिली.

गेल्या महिन्यात काकू दुकानातच, काज करता करता कोसळल्या. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत काका एकटे छाती दाबत होते. काकू गेल्या.

आज नव्या वर्गाला काका आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले. "बाई, तुमचे उपकार. तुम्ही शिकवलंत तस्संच केलं. अगदी अलगद. तिची एक बरगडी मोडू दिली नाही मी."

बाईंनी "छान केलंत" एवढं म्हटलं असतं तर म्हातारा रात्री शांत झोपला असता. पण समोर नवी माणसं कान देऊन बसली होती, आणि उद्या त्यांच्याही घरात कुणी पडणारच होतं. जळ्ळी मेली ती स्प्रिंग! कुणापेक्षा कुणाला जपत बसलो आपण?

त्या गुडघ्यांवर बसल्या आणि अंगातला सगळा जोर लावून बाहुल्याची छाती दाबू लागल्या. कट्ट. पुन्हा कट्ट. शेवटी स्प्रिंग तुटली आणि जावईबापूंची छाती खालीच राहिली.

"एवढं दाबायचं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "बरगडी मोडली तर मोडू दे, ती सांधते. मी आजवर चुकीचं शिकवलं."

काका त्या बसलेल्या छातीकडे बघत राहिले.

"काका, चूक माझी. तुमची नाही. जोर लावला असता तर काकू वाचल्याच असत्या, असंही नाही. पण..."

"बाई," काकांनी हळूच विचारलं, "म्हणजे पहिल्या दिवशी तुम्ही रागावलात, तेव्हा माझं बरोबर होतं?"

"हो काका," बाई म्हणाल्या. "अगदी बरोबर होतं."