चौदा जणांचा 'धावा'

पॉडलिप्निक गावात आगीवर जाणारी माणसं पगारी नाहीत. कोणी सुतार, कोणी शिक्षिका, कोणी नुसताच घरजावई. भोंगा वाजला की बंब घेऊन निघतात. साऱ्या स्लोव्हेनियात या मंडळींचा नमस्कारही वेगळा. भेटले की 'धावा!', निघाले की 'धावा!', फोन उचलला तरी 'धावा!'

सिरिल पोत्रातानं चाळीस वर्षं बंबावर काढली आणि गुडघे गेले तेव्हा जुन्या बंबघरात संग्रहालय मांडलं. हातानं हापसायचा पंप, चामड्याच्या बादल्या, पितळी टोप, मिशीवाल्यांचे फोटो. बघायला वर्षाला साठेक माणसं यायची. त्यातली निम्मी पावसात अडकलेली.

त्या रविवारी अकरा वाजता चौकापलीकडच्या नव्या बंबघरात सभा होती. पुरातल्या बचावासाठी नवी बोट आली होती आणि तिला जागा हवी होती. संग्रहालयाचं सामान पेट्यांत भरून शहरातल्या गोदामात पाठवावं, असा ठराव होता. ज्याचा विरोध असेल त्यानं स्वतः सभेत उभं राहून बोलायचं, असा नियम. विरोध एकट्या सिरिलचा.

दहाच्या सुमाराला तो जुन्या बंबघराच्या, ओले पाइप टांगून वाळवायच्या मनोऱ्यात शिरला. बंबवाल्यांच्या संस्थेची पहिली वही तिथं माळ्यावर होती, ती सभेत दाखवायची होती. तो वर पोचला, वही काखेत मारली, वळला, आणि शिडी घसरून खाली आडवी झाली. जन्मभर लोकांना शिडीवरून उतरवलेला माणूस स्वतः माळ्यावर अडकला. उडी मारावी तर दोन पुरुष उंची. फोन खाली टेबलावर.

त्यानं खिडकीतून डोकं काढलं. चौकात बँडवाले वाजवत होते आणि गणवेशातली मंडळी सभेला निघाली होती. सिरिल जिवाच्या आकांतानं ओरडला, "धावा! धावा!"

अध्यक्ष दारिंकानं वर पाहिलं आणि टोपीला हात लावला. "धावा, सिरिलकाका!"

"अगं, धावा म्हणजे खरंच धावा!"

"हो हो, धावा, धावा! वेळेवर या बरं!" ती गेलीसुद्धा.

मागून पंपवाला बोगो आला. देह अस्वलाचा, कान दगडाचे.

"धावा, म्हाताऱ्या!"

"अरे, शिडी पडली!"

"काय चढली? शिडी? या वयात? शाब्बास रे गड्या!"

बायकांच्या तुकडीनं तर ओळीत उभं राहून सलामी दिली. सिरिल मोजत होता. चौदा जण झाले. चौदाही जणांनी हसून हात हलवला. पावणेअकरा झाले, चौक रिकामा झाला आणि सिरिलचा घसा बसला.

"धावा," तो पुटपुटला.

कोपऱ्यावर दूरच्या प्रिझरेन शहरातून आलेला आइस्क्रीमवाला शेफ्केत गाडी लावत होता. त्यानं चमचा तसाच डब्यात टाकला आणि पळत आला.

"काय झालं, उस्ताद?"

"तुला ऐकू आलं?"

"तुम्ही धावा म्हणालात ना?"

शिडीच्या मधल्या दोन पायऱ्या मोडल्या होत्या. शेफ्केतनं ती भिंतीला लावली आणि तुटल्या जागी स्वतःचा खांदा दिला.

"सावकाश, उस्ताद. कानावर नको, खांद्यावर पाय द्या."

सिरिल सभेत पोचला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. दारिंका म्हणत होती, "विरोध करणारे हजर नाहीत, तेव्हा..."

"हजर आहे!" जाळीजळमटांनी माखलेला सिरिल दारात उभा होता. भाषण त्यानं घोकून ठेवलं होतं, पण त्यातला एक शब्द आठवेना.

"आज पाऊण तास मी धावा म्हणून ओरडत होतो," तो म्हणाला. "शिडी पडली होती. तुमच्यातल्या चौदा जणांनी मला उलट धावा म्हटलं. धावलं कोणी नाही. धावला तो आइस्क्रीमवाला."



"काका," दारिंका हळूच म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्ही नमस्कार करताय."

"वाटणारच. मलाही वाटलं असतं." त्यानं वही उघडली. "हे पहिलं पान. 'हाक ऐकणाऱ्यानं आधी जावं, मग विचारावं.' खाली अकरा सह्या आणि एक अंगठा. हे शहरातल्या गोदामात ठेवलं तर गोदामवाले शहाणे होतील. आपलं काय?"

आधी बोगोच हसला, पोट धरून. "आणि मी शाब्बास म्हणालो रे याला!" मग सगळी सभा हसली. हसता हसता काही जणांनी माना मात्र खाली घातल्या.

मतं झाली. संग्रहालय हलवू नये म्हणून वर गेलेले हात सव्वीस, विरुद्ध नऊ. ते चौदा जण कुठल्या बाजूला होते, हे सिरिलनं मोजलं नाही; त्याला खुर्ची हवी होती.

"पण बोट?" दारिंकानं कपाळाला हात लावला. "बोट मी डोक्यावर ठेवू का?"

"माझ्या गोठ्यात ठेवा," बोगो म्हणाला. "दोन गाईंची जागा रिकामी आहे. बायको काही म्हणायची नाही."

बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. ती उठून उभी राहिली.