पाळण्याकडे गेलेलं बारसं

आमच्या अण्णांना माइक दिसला की राहवत नाही. कोणाची एकसष्टी असो, बागायतदारांची सभा असो नाहीतर शाळेचं स्नेहसंमेलन, अण्णा "दोनच शब्द बोलतो" म्हणून उठतात आणि लोकांचा चहा गार होतो. मी त्यांची थोरली मुलगी, मनस्विनी. शाळेत गणित शिकवते. दोन या आकड्याची इतकी विटंबना मी कोणत्याही वर्गात पाहिलेली नाही.

चार वर्षांपूर्वी याच हौसेपायी त्यांनी घरचा पाळणा देऊन टाकला. शिसवी लाकडाचा, पितळी साखळ्यांचा. माझं, माझा भाऊ सलिल याचं, खुद्द अण्णांचं, सगळ्यांची बारशी त्यातच झालेली. गावात एका ट्रस्टने इतिहासाचं छोटं संग्रहालय काढलं, घरोघरी जुन्या वस्तू मागितल्या, तेव्हा अण्णांनी माळ्यावरून पाळणा उतरवला. उद्घाटनाला हातात माइक आला. अण्णा म्हणाले, "आमच्या घरात आता या पाळण्याला काम उरलेलं नाही. तो आता इतिहासाचा झाला!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

सलिलची बायको नम्रता पहिल्या रांगेत बसली होती. त्यांच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. डॉक्टर झाले, देव झाले, मुंबईच्या खेपा झाल्या. नम्रताने टाळ्या वाजवल्या नाहीत. पर्स उघडून त्यात काहीतरी शोधत बसली, आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिला ते सापडलं नाही. मी घरी येऊन अण्णांना चांगलं फैलावर घेतलं. तर हे म्हणाले, "अगो, वाक्य म्हणून छान होतं ते."

आणि यंदा नम्रताला मुलगी झाली. बाळंतपणाला ती माहेरी, मालगुंडला गेली होती. तिथून तिने निरोप दिला, "बारसं त्याच पाळण्यात होईल. ते होईपर्यंत मी पोरीला घेऊन रत्नागिरीच्या घरी येणार नाही." हे तिने अगदी शांतपणे सांगितलं. नम्रता ओरडली असती तर आम्ही निर्धास्त झालो असतो.

बारावा दिवस गेला, सव्वा महिना गेला. अण्णा दोनदा मालगुंडला जाऊन आले. नम्रताच्या आईने त्यांना कोकम सरबत दिलं, बाळ लांबून दाखवलं, पण हातात काही दिलं नाही. मागायची अण्णांची हिंमत झाली नाही. घरी येऊन ते ओटीवर गप्प बसले. अण्णा गप्प बसतात हे पाहून आमची आई घाबरली. सलिल दोन्हीकडे "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत होता. त्याचा उपयोग तेवढाच.

शेवटी अण्णा संग्रहालयात गेले. सोबत मी होते. तिथल्या व्यवस्थापक शमिका मॅडम वयाने लहान, पण नियमाला पक्क्या.

"पाळणा एका दिवसासाठी हवा होता," अण्णा म्हणाले.

"संग्रहातली वस्तू बाहेर जात नाही, काका."

"पण मी दिलाय तो!"

"म्हणूनच तर आता तो तुमचा नाही."

त्या पोरीचा मला भयंकर राग आला. वर्गात असती तर बाकावर उभी केली असती.

पण बाहेर पडताना फाटकावरचा फलक दिसला. येत्या रविवारी जिल्ह्यातल्या छोट्या संग्रहालयांमध्ये कुटुंबांना मोफत प्रवेश. सर्वांनी सहकुटुंब यावे. मी तिथेच थांबले. पाळणा बारशाला येत नसेल तर बारसं पाळण्याकडे जाईल. आम्ही कुटुंबच आहोत की! अण्णांना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. त्यांनी खिशातून भाषणाचे मुद्दे लिहायचं पेन काढलं. मी ते काढून घेतलं.

रविवारी आम्ही फाटकावर जमलो तेव्हा रखवालदार दादूने डोक्याला हात लावला. सलिल, आई, अण्णा, मी, दोन काकू, चुलत भावांच्या बायका, त्यांची पोरं, आणि मालगुंडहून आलेली नम्रता, तिची आई आणि बाळ.

"ह्या सगला एकच कुटुंब?" दादूने विचारलं.

"एकच," मी म्हटलं. त्याच भावकीत वहाळाकाठच्या आंब्याच्या झाडावरून कोर्टात दावा चालू आहे हे मी त्याला सांगितलं नाही.

दादूने पिशव्या तपासल्या. घुगऱ्यांचा डबा जप्त झाला. हळदकुंकवाची कोयरी आईने पदराखाली लपवली. राहता राहिला वरवंटा. आमच्याकडे बारशाला आधी वरवंट्याला बाळासारखं नटवतात. त्याला कुंची घालतात, बायका तो पाळण्याखालून-वरून एकमेकींना देतात, मग पाळण्यात निजवतात, आणि त्यानंतरच बाळ ठेवतात. वरवंट्याशिवाय बारसं नाही. आणि दगड घेऊन कोण संग्रहालयात सोडणार? म्हणून मी तो घरूनच कुंची घालून, दुपट्यात गुंडाळून, छातीशी धरून आणला होता.

"जुली हायत काय?" दादूने नम्रताच्या आणि माझ्या हातांकडे बघत विचारलं.

"हो, जुळीच," मी म्हटलं आणि आत शिरले. खोटं बोलायला मला मुळीच आवडत नाही. पण वरवंटा चांगला जड होता आणि फाटकावर चर्चा करत बसायची माझी तयारी नव्हती.

आत तोबा गर्दी. एरवी तिथे काळं कुत्रं फिरकत नाही, पण मोफत म्हटल्यावर लांजा, संगमेश्वर, कुठून कुठून गाड्या भरून माणसं आली होती. पाळण्याच्या दालनात जाईपर्यंत माझे हात भरून आले. तिथे बाकावर एक म्हातारी बसली होती. लांज्याकडच्या एका गावची, चिमाआजी. मुंबईच्या मुलाने सुट्टीला येऊन तिला आणलं होतं आणि तो स्वतः तलवारी बघायला गेला होता. मी तिच्या शेजारी टेकले.

"पोर लय गप हाय गो बाय," चिमाआजी म्हणाली.

"झोपलंय."

"आन् चांगला भरलाय. वजनदार हाय." तिने दुपट्यावरून हात फिरवला. "दिष्ट लागंल. तीट नाय लावलीस?" आणि मी नको नको म्हणेपर्यंत तिने कुंची मागे सारली.

आतून काळा कुळकुळीत वरवंटा बाहेर आला. चिमाआजीने माझ्याकडे पाहिलं, वरवंट्याकडे पाहिलं, पलीकडे नम्रताच्या हातातल्या खऱ्या बाळाकडे पाहिलं, मग दोरीच्या कठड्यामागच्या पाळण्याकडे पाहिलं. आणि अख्ख्या दालनाला ऐकू जाईल असं ओरडली, "अगो बाय! हितं बारसा हाय!"

झालं. आजूबाजूच्या दालनांतून बायका धावत आल्या. नाणी, तोफगोळे, जुने नकाशे यांच्यापुढे पेंगणारी माणसं खडबडून जागी झाली. कोणी विचारलं मुलगी की मुलगा, कोणी विचारलं नाव काय ठेवताय. या गर्दीतून वाट काढत शमिका मॅडम आल्या.

"हे काय चाललंय? वस्तूला हात लावायचा नाही!"

"हात कुठे लावतोय?" मी म्हटलं. "बाळ ठेवतोय."

मी भांडायच्या तयारीत होते. पण शमिका भांडली नाही. ती पाळण्याजवळ गेली, साखळीची एक कडी बोटाने दाखवली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, या कड्या झिजल्यात. चार वर्षांत यावर कोणी वजन टाकलेलं नाही. नियम राहू दे. बाळ पडलं तर?"

नम्रताने बाळाला घट्ट धरलं. मी तिच्याकडे पाहिलं. आता ती गाडीत बसून मालगुंडला परत जाईल आणि पुन्हा येणार नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पलीकडच्या दालनात अण्णा पाठमोरे उभे होते. बारसं बायकांचं, म्हणून ते तिथे एका जुन्या गलबताचा नमुना बघत होते. निदान तसं दाखवत होते. त्यांचे कान मात्र इकडेच होते.

"पडणार नाही," मी ठणकावलं. "म्हणून तर आधी वरवंटा ठेवतात!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? पाळणा पेलतो की नाही ते बघायला. हा वरवंटा मी घरी वजन करून आणलाय, बाळापेक्षा भारी आहे. आपल्या बायका काय वेड्या होत्या, दगडाला कुंची घालायला?"

वरवंटा खरोखर यासाठी ठेवतात का, देव जाणे. मी ठोकून दिलं होतं. पण गणिताच्या बाईने ठामपणे सांगितलं की लोक मान हलवतात, हा माझा अनुभव आहे. बायकांनी माना हलवल्या. शमिका विचारात पडली. मग तिने टॉर्च आणून साखळ्या वरपासून खालपर्यंत तपासल्या, आणि म्हणाली, "वस्तू वापरून दाखवायची परवानगी मी देऊ शकते. माझ्या देखत. आणि हातमोजे घालून."

हातमोजे पांढरे, सुती, दोनच जोड. एक मला मिळाला, एक काकूला. पाळण्याच्या अल्याड मी, पल्याड ती, दोघी जादूगारासारखे हात करून उभ्या. मी वरवंटा खालून दिला, तिने वरून परत दिला. पोरं खिदळत होती. चिमाआजी मागून सूचना देत होती. तिसऱ्या खेपेला सुती मोज्यांतून वरवंटा सटकला आणि धप्पकन पाळण्यात पडला.

साखळ्या करकरल्या. पाळणा एकदा जोरात हेलकावला. शमिकाने डोळेच मिटले.

पाळणा होता तिथेच होता.

"झाली चाचणी," शमिका डोळे उघडून म्हणाली, आणि तिने स्वतःच्या हातांनी बाकीच्यांसाठी कठड्याची दोरी सोडली.

पुढे सगळं रीतसर झालं. वरवंटा काढला, मऊ दुपटं घातलं, नम्रताने लेकीला पाळण्यात ठेवलं. आईने पदराखालची कोयरी काढली, शमिकाने ती न पाहिल्यासारखं केलं. नम्रताने माझ्या कानात नाव सांगितलं, मी बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि म्हटलं, "सानवी." पाठीत धपाटे बसले. ओळखीच्यांचे हलके होते. चिमाआजीचा मला आठवडाभर पुरला.

गर्दी पाहून शमिका इतकी खूश झाली की तिने नको ते केलं. पाहुण्यांना माहिती सांगायला तिच्या गळ्यात छोटा माइक होता. तो काढून ती म्हणाली, "हा पाळणा देणारे अण्णा इथेच आहेत. अण्णा, दोन शब्द बोला!"

आमच्या अख्ख्या कुटुंबाने एकदम कण्हल्यासारखा आवाज काढला.

अण्णा आले. माइक हातात घेतला. पाळण्यातल्या नातीकडे पाहिलं, पाळण्याची दोरी ओढणाऱ्या नम्रताकडे पाहिलं. मग त्यांनी माइक खाली केला, तिच्याजवळ गेले आणि पुटपुटले, "नम्रता, त्या दिवशी चुकलं माझं."

नम्रताने मान वर केली नाही. "माइकवर बोला, अण्णा," ती म्हणाली. "तेव्हा माइकवर बोलला होतात."

सलिल चटकन पुढे झाला, आईने त्याचा शर्ट धरून त्याला मागे ओढलं. अण्णा माइक ठेवून निघून जातील असंच मला वाटलं. माझ्या बापाला मी पंचेचाळीस वर्षं ओळखते. त्यांनी आजवर कुणाची माफी मागितलेली नाही, आईचीसुद्धा नाही.

अण्णांनी माइक तोंडाशी धरला.

"चार वर्षांपूर्वी मी इथे म्हणालो होतो की या पाळण्याला काम उरलं नाही. माझी सून समोर बसली होती. तिला काय वाटेल याचा मी विचार केला नाही, कारण मला टाळ्या हव्या होत्या." आवाज फाटकापर्यंत जात होता. बाहेर दादूसुद्धा वळून पाहत होता. "नम्रता, मी मूर्खासारखं बोललो. मला माफ कर." आणि त्यांनी माइक शमिकाला देऊन टाकला.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. अण्णांची इतकी भाषणं मी ऐकली, पण रडू पहिल्यांदाच आलं. मोज्यानेच डोळे पुसले, शमिका काही बोलली नाही.

नम्रताने वाकून सानवीला उचललं आणि अण्णांसमोर धरलं. "घ्या. मान सांभाळा."

अण्णांनी नातीला हातात घेतलं. पोरीने डोळे उघडून त्यांना नीट पाहिलं आणि असा काही टाहो फोडला की लांबच्या दालनातले पुरुष धावत आले.

"मी काही केलं नाही हो!" अण्णा घाबरून म्हणाले.

"भूक लागलीय तिला," नम्रता म्हणाली. "चला, निघू या."

सलिलने गाडीची किल्ली काढली आणि चाचरत विचारलं, "मालगुंडला ना?"

नम्रताने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात शेवटच्या बाकाकडे पाहते.

"आपल्या घरी," ती म्हणाली.