उतरवायची खोली

साथीच्या वॉर्डाबाहेर एक छोटी खोली होती. आत काम करून आलेल्यांनी अंगावरचा संरक्षक पोशाख तिथेच उतरवायचा. चढवण्यापेक्षा उतरवणं अवघड, कारण जंतू सगळे बाहेरच्या अंगाला चिकटलेले. म्हणून समोर लक्ष ठेवायला कुणीतरी लागे, आणि ते काम थोरल्या सिस्टरांकडे होतं. त्यांच्या तोंडाचा पट्टा अखंड चाले. “आधी हातमोजे. हात धुवा. आता झगा, आतली बाजू बाहेर गुंडाळत. पुन्हा हात. मग चष्मा. मास्क सगळ्यात शेवटी.”

“एवढं तर आईनंही मला आंघोळीला बजावलं नव्हतं,” वॉर्डातले मामा म्हणायचे. रोग्यांच्या चादरी बदलणं, त्यांना भरवणं हे मामांचं काम. पंधरा वर्षं दोघं एकाच वॉर्डात होते.

त्या दुपारी मामा बाहेर आले. आत सात वर्षांची एक पोरगी होती. आईवडिलांना आत सोडत नसत, त्यामुळे अकरा दिवस तिला मामांनीच भरवलं. पांढरा पोशाख बघून ती त्यांना ‘ढग’ म्हणायची; तिचं असलं सगळं बोलणं मामा रोज पोशाख उतरवता उतरवता सिस्टरांना सांगायचे. ती नुकतीच गेली होती, मामांच्या मांडीवर डोकं ठेवून.

सिस्टरांनाही भरून आलं. “हातमोजे” म्हणायला त्यांना क्षणभर उशीर झाला. तेवढ्यात मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हातमोज्यानंच डोळे पुसले.

“मामा, हात!”

मामा जागच्या जागी थिजले. मग हळूच म्हणाले, “झालं की हो सिस्टर, व्हायचं ते.”

डोळे धुतले, नोंद केली, मामांना वेगळ्या खोलीत ठेवलं. सहाव्या दिवशी ताप चढलाच.

सिस्टर रोज पूर्ण पोशाखात त्यांच्यापाशी जात. एकदा त्यांना राहवेना. “माझंच चुकलं, मामा. माझी जीभ नेमकी तेव्हाच अडली.”

“पंधरा वर्षं बडबडलात,” मामा धापा टाकत हसले. “एकदा थांबलात, तर काय एवढं? बाहेर जाऊन पोशाख उतरवताना घाई करू नका मात्र.”

दोन आठवडे पुरते झाले नाहीत, तोच मामा गेले.

मामांचं वॉर्डातल्या कपाटातलं सामान घेऊन सिस्टर त्यांच्या घरी गेल्या. मामींनी दारातच विचारलं, “हातमोजे दिले नव्हते का त्यांना?”

“दिले होते.” सिस्टरांनी काहीच लपवलं नाही. पोरीचं सांगितलं, डोळे पुसल्याचं सांगितलं, आपल्या उशिराचंही सांगितलं.

“रडले?” मामींनी विचारलं.

“हो.”

“आमचा मुलगा गेला तेव्हा या माणसानं टिपूस गाळलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांना दगड म्हणत आले.” मामींनी पिशवी पोटाशी धरली. “ती पोरगी... काय बोलायची त्यांच्याशी?” त्यांनी विचारलं.

सिस्टर उंबऱ्यावरच बसल्या आणि पहिल्या दिवसापासून सांगू लागल्या.